पंखात लपवलेलं तेल

"ताई, उशीची खोळ शिवून मिळेल?"

दुकानाच्या दारात उभा असलेला माणूस पांढऱ्या कापडाचा भलामोठा गठ्ठा छातीशी धरून होता. कामिनीनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. अमळनेरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत तिचं हे शिवणकामाचं दुकान. ब्लाउज, फॉल-पिको, जून लागला की शाळेचे गणवेश. पुरुष गिऱ्हाईक म्हणजे क्वचितच, आणि आलं तरी चेन तुटलेली पँट घेऊन.

"मिळेल. माप काय?"

"चौदा फूट लांब, चार फूट रुंद." तो जरा घुटमळला. "दोन नग."

"एवढ्या उशीवर कुणाला झोपवणार आहात?"

बोलून गेली आणि तिचे कान तापले. एरवी समोरच्याला दोनदा विचारावं लागे, 'काय म्हणालीस?' इतकं हळू बोलणारी ती.

"झोपवणार नाही, उडवणार आहे," तो हसत म्हणाला. "विमानाचा पंख आहे. लाकडाचा. त्याच्यावर अशी खोळ चढवतात. पण माप घ्यायला तुम्हालाच यावं लागेल. पंख घेऊन मी इथवर येऊ शकत नाही… अजून तरी."

वेडा असावा, असं तिला वाटलं. पण वेड्यांचे डोळे इतके स्वच्छ नसतात, असंही वाटलं.

त्याचं नाव जीवन. राहणारा धुळ्याच्या देवपुरातला. कितीतरी वर्षं दूरच्या शहरात दुसऱ्यांची विमानं दुरुस्त केली, आणि एक दिवस नोकरी सोडून घरी आला. आता मामाच्या शेडमध्ये स्वतःचं विमान बांधत होता. मामा म्हणजे झुलाल नाना. त्यांची बोरी नदीच्या अंगाला कापसाची सरकी काढायची जिनिंग मिल होती. यंत्रं कधीच विकली गेली, रिकामी शेड आणि खाटेवर बसलेले नाना तेवढे उरले. कामिनी टेप घेऊन पहिल्यांदा आत शिरली, तेव्हा नानांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि समोरच्या लाकडी सांगाड्याकडे बोट केलं.

"वर ते बठ्ठाच जातस, पोरी. खाले नीट कोन उतरस, ते इचार याले."

शेडभर ताज्या भुशाचा वास होता. पंख म्हणजे एक लांबलचक वासा आणि त्याच्यावर ओळीनं बसवलेल्या पातळ फळ्यांच्या बरगड्या. हातानं उचलला तर सुपासारखा हलका. तिनं माप घ्यायला हात पुढे केला, तसा जीवन घाईनं म्हणाला, "बघा, मापा, काहीही करा. फक्त हळद-कुंकू तेवढं लाकडाला लावू नका. हे नाना पहिल्याच दिवशी वाटी घेऊन उभे होते."

का लावायचं नाही, ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. माणूस देवाधर्माचा दिसत नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. आणि उगाचच तिला वाईट वाटलं.

कारण तिचा दिवसच मुळी देवापासून सुरू व्हायचा. तुळशीला पाणी, मग पोथीचा एक अध्याय. अध्याय होईपर्यंत तोंडात चहाचा घोट नाही. चतुर्थी, एकादशी, आणि शनिवारी मारुतीचा उपास. वडील गेले तेव्हा, परीक्षा बुडाली तेव्हा, ठरलेलं लग्न मोडलं तेव्हासुद्धा तिचा नेम चुकला नव्हता. त्याचा तिला गर्व नव्हता, पण आधार होता.

खोळ एकदा मापून होण्यासारखी नव्हती. एक बरगडी बसली की माप बदलायचं. मग ती आठवड्यातून एकदा जायची, मग दोनदा… मग माप नसलं तरी. नाना खाटेवर असायचेच. तिच्या आईला, भागाबाईंना, तेवढं पुरेसं होतं. जीवननं तिला 'ताई' म्हणणं कधी सोडलं ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. नानांच्या आलं.

श्रावणातल्या एका शनिवारी ती मारुतीच्या देवळातून थेट शेडवर आली. पुजाऱ्यानं देवाला वाहिलेल्या तेलातलं थोडं तिच्या वाटीत घातलं होतं. जीवन त्या दिवशी गंभीर होता. पंख विमानाच्या अंगाला जिथं जोडला जातो तिथं वाशाला एक जाड ठोकळी चिकटवायची होती. "सगळा भार या एका जागेवर," तो म्हणाला. "इथं सुटलं, की सगळं सुटलं." आणि गोंद कालवायला तो मागच्या खोलीत गेला.

सगळा भार या एका जागेवर. कामिनी त्या ठोकळीकडे बघत राहिली. नानांचा डोळा लागला होता. तिनं वाटीत बोट बुडवलं. शेंदूर नको, तो दिसेल. नुसतं तेल. आणि वरच्या अंगाला नको. त्याला डाग दिसला तर मन दुखेल. चिकटवायच्या अंगाला लावू, ते आत जाईल, कुणालाच कळणार नाही… तिनं बोटानं छोटंसं स्वस्तिक काढलं. वाटीतला उरलेला थेंबही अंगठ्यानं तिथंच जिरवला. वायुपुत्रा, वाऱ्यावर तुझंच राज्य. याला सांभाळ.

जीवन गोंदाची वाटी घेऊन आला. वाशाला गोंद फासला आणि न बघता मागे हात केला. तिनं ठोकळी त्याच्या हातात दिली. बोटांना बोटं लागली. ठोकळी दोघांच्याही हातात क्षणभर तशीच राहिली. मग त्यानं ती घाईघाईनं बसवली आणि जोड दाबून धरणारे क्लॅम्प आवळायला घेतले. पहिलाच उलटा लावला. खाटेवरून नाना खोकले. म्हणजे डोळा लागलेला नव्हता तर… तिनं चोरून त्यांच्याकडे पाहिलं. पण नाना हसत होते ते क्लॅम्पला.

"उद्या तुमच्याकडे कानबाईचा सण ना?" जीवननं क्लॅम्पकडेच बघत विचारलं. "मला प्रसादाचे रोट आणाल?"

"रोट बाहेरच्यांना देत नाहीत. घरच्यांनीच खायचे असतात."

"म्हणजे तुमचा भाऊबंद व्हावं लागेल."

"भाऊबंद कशाला…" ती जीभ चावून थांबली.

"मग कोण?"

"गोंद वाळतोय तुमचा," ती म्हणाली, आणि रिकामी वाटी पदराआड धरून निघाली.

दिवाळीनंतर खोळी चढल्या. कापड आधी सैल असतं, वरून गरम इस्त्री फिरवली की ते आवळत जातं. इस्त्री कामिनीनं फिरवली. एकेक सुरकुती विरत गेली आणि पंख डफासारखा ताणला गेला. जीवननं त्यावर टिचकी मारली. टण्ण आवाज आला. "तुमच्या हाताचं आहे," तो म्हणाला, "आता पडायची भीती नाही." असं बोलू नये, असं ती म्हणाली. तो हसला. मग रंग चढला, पाहणी करणारे साहेब येऊन सगळं तपासून गेले आणि मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळी धुळ्याजवळच्या धावपट्टीवर उडायची परवानगी मिळाली.

शनिवारी दुपारी विमान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून धुळ्याला गेलं. संध्याकाळी जीवन आणि नाना हत्यारं गोळा करत होते. कामिनी उपास सोडायच्या आधी सहज म्हणून आली होती. सहज म्हणजे काय, तिला राहवलं नव्हतं.

जीवनच्या हातात लाकडाचे छोटे जोड होते. गोंद कालवला की तो त्याच गोंदानं लाकडाचे दोन तुकडे चिकटवून ठेवायचा आणि पुढे मोडून बघायचा. त्यानं पहिला मोडला. लाकूड फाटलं, जोड शाबूत. "असं व्हायला पाहिजे. लाकूड तुटावं, पण गोंद सुटू नये." दुसरा त्यानं हातात घेतला, आणि जोर लावायच्या आधीच त्याचे दोन तुकडे अलगद वेगळे झाले. आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत. जीवननं ती नाकाशी नेली.

"नाना, भजी खाऊन हात लावला होता?"

नानांनी आधी नाही म्हटलं, मग एकच भजं होतं म्हटलं.

"एकच पुरतं," जीवन कामिनीकडे वळला. "तेलावर हा गोंद धरतच नाही. नुसता बसून राहतो. वरून बघाल तर जोड पक्का. आत काहीच नसतं. म्हणून तर मी हळद-कुंकवाचा एवढा धाक घातला होता. हळद-कुंकू म्हटलं की पाठोपाठ तेल-तूप आलंच."

कामिनीला ती श्रावणातली ठोकळी आठवली. तो पुढे काय बोलत होता ते तिला एका खोल विहिरीतून यावं तसं ऐकू येत होतं. तो म्हणत होता, उद्या उतरलो की थेट तुमच्या घरी. आईंना सांगून ठेवा, चहाला माणूस येतोय.

"आणि," तो हळूच म्हणाला, "फक्त चहाला नाही."

आयुष्यभर ज्या शब्दांची वाट बघावी, ते असे यावेत… तिनं तोंड उघडलं. "मला एक सांगायचं होतं."

"उतरल्यावर. उद्या सगळं उतरल्यावर." धुळ्याला निघायला तो मोटारसायकलवर बसला, नाना मागे. फटफट आवाज करत गाडी गेलीसुद्धा.

घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. भागाबाई चुलीपुढून उठल्याही नाहीत. "देवनं तेल शे ते. त्यानं वाईट कसं व्हई?"

त्या वाक्याला धरून बसायचा मोह फार मोठा होता. मारुतीचं तेल! तो आपल्या तेलानं कुणाला खाली पाडेल का? सांगितलं तर उद्याचं उड्डाण गेलं. परवानगी गेली, इतक्या महिन्यांची मेहनत गेली. आणि ज्याची बजावून मनाई केली तेच हिनं चोरून केलं, हे कळल्यावर तो चहाला तरी कशाला येईल? तिनं फोन लावला. त्यानं उचलला. मागे कुणीतरी हातोडी मारत होतं.

"उद्याचं… पुढे नाही का ढकलता येणार?"

"घाबरलात?" त्याच्या आवाजात हसू होतं. "तुमच्या मारुतीला सांगा की लक्ष ठेव म्हणून."

तिनं फोन ठेवला. तेलाचं तिनं सांगितलंच नव्हतं. देवघरात समईपुढे ती बसली, आणि पहिल्यांदाच तिला देवाकडे वर बघवेना. लबाडी तिनं केली आणि निस्तरायला त्याला सांगायची? याला भक्ती नाही म्हणत. ही देवाची परीक्षा घेणं झालं, तीही दुसऱ्याचा जीव पणाला लावून.

पहाटे तिनं पुन्हा फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. नाना फोन बाळगतच नसत. तुळशीला पाणी न घालता, अध्याय न वाचता तिनं शाल ओढली आणि धुळ्याची पहिली एसटी पकडली. थंडी हाडात शिरत होती. गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत होती. कुणी दुधाचे कॅन चढवत होतं, कुणी कंडक्टरशी हुज्जत घालत होतं. कामिनी काचेतून आभाळाकडे बघत होती. आभाळ स्वच्छ होतं. आज ढग असते तर किती बरं झालं असतं!

स्टँडवरून रिक्षा केली. धावपट्टीच्या तारेच्या कुंपणाशी उतरली तेव्हाच आवाज ऐकू आला. इंजिन चालू होतं.

विमान पट्टीच्या टोकाला उभं होतं, पांढरंशुभ्र, थरथरत. नाना दूर उभे. तिनं हाक मारली. तिची हाक! चार हातांवरच्या माणसालाही न पोहोचणारी… त्या घरघरीत ती तिला स्वतःलाच ऐकू आली नाही. ती धावत सुटली. पुढे पंखा फिरतोय, समोरून कधी जायचं नाही, हे त्यानंच शिकवलेलं. ती मागच्या अंगानं गेली आणि विमान हलायला लागलं तेवढ्यात तिनं पंखाचं टोक दोन्ही हातांनी धरलं.

विमानानं हिसका दिला. तिच्या चपला मातीत फरफटल्या. तिनं सोडलं नाही. नाक एका बाजूला वळलं, जीवननं मान फिरवून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, मग नुसता गोंधळ. इंजिन बंद झालं. पंखा दोन-चार गिरक्या घेऊन थांबला.

"काय करताय, कामिनी? हात गेला असता!"

"त्या ठोकळीला तेल आहे." तिचा श्वास पुरत नव्हता. "श्रावणातल्या शनिवारी. चिकटवायच्या बाजूला. मी लावलं… मारुतीचं."

तो ऐकत राहिला. खाली उतरला. पंखाच्या मुळाशी जाऊन उभा राहिला.

"का?"

"तुम्ही वर जाणार होता," ती म्हणाली. "मी खाली राहणार होते. खाली राहणाऱ्या माणसानं दुसरं काय करायचं?"

त्यानं मुळाशी ताणलेल्या कापडावर बोट टेकवलं. मग विचारलं, कात्री आहे का. तिच्या पर्समध्ये दोरा कापायची छोटी कात्री होती. ती तिनं त्याला दिली नाही; स्वतःच पुढे झाली. आपल्याच हातानं शिवलेलं, आपल्याच इस्त्रीनं ताणलेलं कापड तिनं कापलं. ते चर्रकन फाटत गेलं. जीवननं आत हात घातला, स्क्रूड्रायव्हरचं टोक सांध्यात टेकवलं. जोर लावायची गरज पडली नाही. कट्ट… इतकाच आवाज झाला, आणि ठोकळी त्याच्या तळहातात आली.

आतल्या अंगाला पिवळसर स्वस्तिक होतं. स्पष्ट.

नाना जागच्या जागी मटकन बसले. त्यांनी हात जोडले, पण ते कुणाला ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. जीवन ठोकळी उलटसुलट करून बघत होता. बघता बघता त्याचा चेहरा पांढरा पडत गेला.

"घरी जा, कामिनी," तो म्हणाला.

ती गेली.

पुढचे काही दिवस फोन वाजला नाही. रविवारचा चहा झाला नाही. भागाबाईंनीही काही विचारलं नाही. कामिनीचे नेम पुन्हा सुरू झाले: तुळस, अध्याय, मग चहा. चहाला चव नव्हती. कुणी सांगितलं नसताना ती दुकान बंद झाल्यावर एका पंखाची खोळ नव्यानं शिवत बसायची. उसवलं आपण, तर शिवायचंही आपणच. तो तोंडावर फेकेल, फेकू दे.

शनिवारी ती देवळात गेली. या वेळी वाटी नेली नव्हती. नुसती उभी राहिली, आणि तिथून खोळ घेऊन शेडवर गेली. दारातच नाना भेटले.

"ये, पोरी. तो बोलस नही, जेवस नही. नुसतं लाकूड घासस."

नाना आत खाटेवर जाऊन बसले. जीवन वाशावर वाकलेला होता. तेल प्यालेला भाग कापून तिथं नवं लाकूड जोडलेलं होतं. शेजारी नवी ठोकळी. तिची चाहूल लागली तरी त्यानं मान वर केली नाही.

"खोळ आणलीय," ती म्हणाली. "ठेवून जाते."

"दोन्ही बाजूंना लावायचा असतो," तो म्हणाला.

"काय?"

"गोंद. वाशालाही आणि ठोकळीलाही. त्याच्या आधी दोन्ही बाजू स्पिरिटनं पुसायच्या, मग घासायच्या. इतकी वर्षं मी हेच केलं. झोपेतसुद्धा चुकणार नाही." आता त्यानं वर पाहिलं. डोळे जागरणानं लाल होते. "ते मी केलं असतं तर तुमचं तेल त्याच दिवशी निघालं असतं. त्या ठोकळीला मी गोंद लावलाच नव्हता, कामिनी. पुसलीही नव्हती. धावपट्टीवर ती हातात आली तेव्हा कळलं मला. आणि मी काय केलं? माझीही चूक तुमच्या डोक्यावर ठेवली आणि तुम्हाला घरी पाठवलं. लाज वाटत होती. म्हणून फोन नाही केला."

कामिनीनं खोळ ठेवली, पण ती गेली नाही.

"का नाही पुसली?" तिनं विचारलं. अगदी हळू.

"माहीत आहे तुम्हाला."

"नाही."

"माहीत आहे."

"…म्हणून तर विचारतेय."

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "ठोकळी तुमच्या हातातून आली," तो म्हणाला. "मी ठोकळीकडे बघितलंच नाही."

नाना खाटेवरून उठले. आपण चहा सांगायला चाललोय, असं त्यांनी समोरच्या भिंतीला सांगितलं आणि बाहेर पडले.

जीवननं तिच्यासमोर स्पिरिटचा बोळा धरला. "आधी हात." तिनं एकेक बोट पुसलं. त्यानं ठोकळी पुसली, घासली, दोन्ही अंगांना गोंद लावला, आणि तो कसा लागलाय ते तिला उजेडाकडे धरून दाखवलं. तिनं नीट बघितलं. मग त्यानं ती जागेवर बसवली.

"इथं कोपऱ्यात क्लॅम्प लगेच बसत नाही. ओला गोंद सरकतो. पकड येईपर्यंत दाबून धरावं लागेल. एकट्याला जमत नाही."

ती शेजारी जाऊन उभी राहिली. एका बाजूनं तिचे तळहात, दुसऱ्या बाजूनं त्याचे. मध्ये लाकूड. इतक्या जवळून तिनं त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या भुवईत भुसा अडकला होता आणि तो काढायला हात मोकळा नव्हता.

"उतरल्यावर घरी येईन म्हणालो होतो," तो म्हणाला. "ते चुकलंच. उतरेनच, हे कोणी सांगितलं? माणसानं आधी विचारावं, मग उडावं."

"मग विचारा."

"आईंना विचारायला उद्या येतो. आज तुम्हाला विचारतोय."

 तिनं तळहात ठोकळीवर अजून घट्ट दाबले. "हो म्हटलं तर तुमचे हात हलतील."

"नाही हलणार."

"एकदा क्लॅम्प उलटा लावलाय तुम्ही."

"कामिनी…"

"हो," ती म्हणाली. आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुणी 'काय म्हणालीस?' असं विचारलं नाही.

ठोकळी तसूभरही सरकली नाही.